नाक दाबलं बोस्टनचं, तोंड उघडलं साऱ्या वसाहतींनी

जून १७७४ च्या अखेरीस अमेरिकेतल्या कनेक्टिकट या ब्रिटिश वसाहतीतल्या विंडहॅम गावाने मॅसॅच्युसेट्स वसाहतीतल्या बोस्टन शहरासाठी मेंढ्या गोळा केल्या. चहा समुद्रात बुडवल्याची शिक्षा म्हणून ब्रिटनने बोस्टनचं बंदर बंद केलं होतं. एकूण २५८. त्या शंभराहून जास्त किलोमीटर हाकत न्यायच्या होत्या, तेही दुसऱ्या वसाहतीत, ओळख ना पाळख अशा लोकांची पोटं भरावीत म्हणून. विंडहॅमला कुणी शिक्षा केली नव्हती. समुद्रात चहा विंडहॅमकरांनी टाकला नव्हता. तरी मेंढ्या निघाल्या.

अमेरिकन क्रांती म्हटलं की आपल्याला चहाच्या पेट्या, वॉशिंग्टन आणि स्वातंत्र्याचा जाहीरनामा आठवतो. मला या कहाणीतला खरा प्रश्न या मेंढ्यांपाशी दिसतो. कनेक्टिकट आणि पेनसिल्व्हेनिया यांची वायोमिंगच्या खोऱ्यावरून मारामारी चालू होती. न्यूयॉर्क आणि न्यू हॅम्पशर यांचा आज व्हरमाँट म्हणतात त्या मुलखावरून तंटा होता. ईशान्येकडच्या न्यू इंग्लंड वसाहतींतले कडवे प्युरिटन वारस, पेनसिल्व्हेनियाचे क्वेकर आणि व्हर्जिनियाचे अँग्लिकन जमीनदार हे वेगवेगळ्या ख्रिस्ती पंथांचे लोक एका चर्चमध्ये बसायलाही राजी नसत. असे लोक एका शहराच्या पाठीशी उभे कसे राहिले? त्यासाठी मे ते ऑक्टोबर १७७४ हे सहा महिने जवळून पाहावे लागतात.

आधी काय काय करून झालं होतं

एकीची कल्पना नवी नव्हती. १७५४ मध्ये अल्बनीला सात वसाहतींचे प्रतिनिधी जमले, तेव्हा बेंजामिन फ्रँकलिनने सगळ्यांचं मिळून एक सरकार असावं अशी योजना मांडली. त्याच सुमारास त्याच्या वर्तमानपत्रात आठ तुकडे झालेल्या सापाचं चित्र छापून आलं, खाली मजकूर होता: एक व्हा, नाहीतर मरा. एकाही वसाहतीच्या सभागृहाने ती योजना उचलून धरली नाही. आपल्या तिजोरीची किल्ली शेजाऱ्याच्या हाती कोण देणार? लंडनलाही ती रुचली नाही.

मग सात वर्षांचं युद्ध झालं, फ्रान्स हरला आणि ब्रिटनच्या डोक्यावर कर्जाचा डोंगर उभा राहिला. त्यातला थोडा भार वसाहतींनी उचलावा म्हणून १७६५ मध्ये मुद्रांक कायदा आला. वर्तमानपत्र, करारनामा, परवाना, अगदी पत्त्यांचा जोडसुद्धा सरकारी छापाच्या कागदावरच हवा आणि त्या छापाचे पैसे मोजायचे. ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कला नऊ वसाहतींचे २७ प्रतिनिधी भेटले. ज्या पार्लमेंटमध्ये आमचा माणूस नाही तिने आमच्यावर कर बसवू नये, असं त्यांनी स्वच्छ लिहून दिलं. मार्च १७६६ मध्ये कायदा मागे घेतला गेला आणि सगळे आपापल्या घरी गेले. मागे उरेल अशी कुठलीही व्यवस्था त्यांनी उभी केली नव्हती.

तिसरा अनुभव सगळ्यात कडू होता. काच, कागद, चहा अशा आयात मालावर ब्रिटनने बसवलेल्या टाउनशेंड करांविरुद्ध १७६८ पासून बोस्टन, न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियाच्या व्यापाऱ्यांनी ब्रिटिश मालावर बहिष्कार घातला. १७७० मध्ये चहावरचा कर सोडून बाकीचे कर उठले. न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्यांनी उन्हाळ्यात बहिष्कारातून अंग काढून घेतलं आणि पाठोपाठ बाकीची शहरंही ढेपाळली. एकमेकांवर विश्वासघाताचे आरोप झाले. यातून निघालेला धडा पुढे फार उपयोगी पडला: बहिष्कार ज्याचं दुकान त्याच्याच मर्जीवर सोडला तर टिकत नाही.

नोव्हेंबर १७७२ मध्ये तिथला पुढारी सॅम्युअल अॅडम्स याच्या पुढाकाराने बोस्टनच्या नगरसभेने २१ जणांची पत्रव्यवहार समिती नेमली. काम एवढंच की मॅसॅच्युसेट्समधल्या गावांना पत्रं लिहायची, आपले हक्क काय आणि ते कुठे तुडवले गेले हे सांगायचं आणि तुमचं मत कळवा म्हणायचं. शंभराहून जास्त गावांनी उत्तरं दिली. मार्च १७७३ मध्ये व्हर्जिनियाने हीच कल्पना वसाहती-वसाहतींमध्ये नेली. मला हे या साऱ्या प्रकरणातलं सर्वांत कमी दिसणारं आणि सर्वांत मोलाचं काम वाटतं. वाट मळलेली असली की गरजेच्या वेळी माणूस त्याच वाटेने धावतो.

चहा, कंपनी आणि लंडनचा हिशेब

१६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बोस्टनच्या ग्रिफिन धक्क्यावर डार्टमथ, एलेनॉर आणि बीव्हर या तीन जहाजांवरच्या ३४२ पेट्या फोडून चहा समुद्रात टाकला गेला. त्याची किंमत साडेनऊ हजार पौंडांहून अधिक होती. मालक ईस्ट इंडिया कंपनी.

इथे मराठी वाचकाने थोडं थांबावं, कारण ही कंपनी आपल्या चांगल्याच ओळखीची आहे. पेट्या पाण्यात पडल्या त्याच्या साडेतीन महिने आधी, ३० ऑगस्ट १७७३ रोजी, शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला होता. पुढे मार्च १७७५ मध्ये कंपनीच्या मुंबई सरकारने रघुनाथरावांशी सुरतेचा तह करून मराठी राज्याच्या भांडणात हात घातला. कर्जात बुडालेल्या कंपनीला सावरायला ब्रिटनचे पंतप्रधान लॉर्ड नॉर्थ यांच्या सरकारने १७७३ मध्ये दोन कायदे केले. एकाने हिंदुस्थानातला तिचा कारभार लगामी धरला आणि कलकत्त्याला गव्हर्नर जनरल बसवला. दुसऱ्याने गोदामात पडून राहिलेला चहा थेट अमेरिकेत विकायची तिला मुभा दिली. बंगालच्या दुष्काळात कंपनीने काय केलं याच्या बातम्या अमेरिकेत पोचल्या होत्या. पेनसिल्व्हेनियाच्या जॉन डिकिन्सनने त्याच हिवाळ्यात टोपणनावाने लिहिलेल्या एका पत्रात आशियातल्या त्या लुटीचा दाखला दिला आणि हीच मंडळी आता आपल्याकडे वळली आहेत असा इशारा दिला.

चहा बुडवणं सगळ्यांना पटलं होतं असं मात्र नाही. वॉशिंग्टनने मित्राला लिहिताना बोस्टनचा प्रश्न हा साऱ्या अमेरिकेचा प्रश्न आहे असं म्हटलं, पण चहाच्या नासधुशीला आपला पाठिंबा नाही हेही त्याच ओळीत घातलं. लंडनमध्ये असलेल्या फ्रँकलिनचा सल्ला होता की कंपनीला भरपाई देऊन टाका. म्हणजे १७७४ च्या सुरुवातीला बोस्टन बऱ्यापैकी एकटं होतं. लंडनला थोडा धीर असता तर हे शहर आपसूक वाळीत पडलं असतं, असं माझं प्रामाणिक मत आहे.

लंडनला धीर नव्हता. नाक दाबलं की तोंड उघडतं, हाच त्यांचा हिशेब. ३१ मार्च १७७४ रोजी बोस्टन बंदर कायद्यावर राजाची मोहोर उमटली. १ जूनपासून बंदरात माल चढणार नाही, उतरणार नाही. कंपनीची भरपाई होऊन शहर ताळ्यावर आल्याची राजाची खात्री पटेपर्यंत हे चालणार. पाठोपाठ आणखी कायदे आले. मॅसॅच्युसेट्सची सनद मोडून वरचं सभागृह राजाच्या नेमणुकीचं झालं आणि गावसभांना वर्षातून एकदा भरण्यापुरतंच ठेवलं. सरकारी अधिकाऱ्यावर खटला भरलाच तर तो दुसऱ्या वसाहतीत किंवा इंग्लंडात नेता येईल अशी सोय झाली. सैनिकांच्या मुक्कामाचाही कायदा आला.

या हिशेबात एक मोठी चूक होती. चहा काही माणसांनी बुडवला आणि शिक्षा मिळाली साऱ्या गावाला. धक्क्यावरचा हमाल, दोर वळणारा, पिंपं करणारा, जहाजाचा सुतार, या सगळ्यांची चूल एका दिवसात विझणार होती. बंदरावर पोट असलेल्या चार्ल्सटन, न्यूयॉर्क, न्यूपोर्ट, फिलाडेल्फिया या प्रत्येक शहराला तो कायदा वाचताना आपलंच बंदर डोळ्यांपुढे दिसलं असणार.

पत्र, घोडा आणि कचरणारी शहरं

कायद्याची बातमी १० मे रोजी बोस्टनला पोचली. १३ तारखेला नगरसभा भरली आणि दुसऱ्या दिवशी पॉल रिव्हिअर पत्रं घेऊन न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियाकडे निघाला. धंद्याने चांदीचा कारागीर, पण बोस्टनच्या समितीचा सर्वांत भरवशाचा जासूद. पाच-सहा दिवसांत तो फिलाडेल्फियात होता.

ते पत्र हुशारीने लिहिलेलं होतं. त्यात बोस्टनने दयेची याचना केली नाही की चहाचं समर्थन करत बसलं नाही. एकच प्रश्न विचारला: बोस्टन आज जे सोसतंय ते सगळ्यांच्या समान कामासाठी सोसतंय, असं तुम्ही मानता की नाही? या प्रश्नाला नाही म्हणणं अवघड होतं. होय म्हटलं की पुढे काहीतरी करणं आलं.

बोस्टनला हवा होता ताबडतोब व्यापारबंद. तो मिळाला नाही. न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्यांना १७७० ची आठवण ताजी होती. फिलाडेल्फियाने सहानुभूती दाखवली, सबुरीचा सल्ला दिला आणि भरपाईचा विचार करा असंही सुचवलं. दोन्ही शहरांचं म्हणणं एका गोष्टीवर येऊन थांबलं की असा निर्णय एकट्यादुकट्याने घ्यायचा नाही, आधी सगळ्या वसाहतींची परिषद भरवा. ऱ्होड आयलंडच्या प्रॉव्हिडन्स गावाने १७ मे रोजीच तशी मागणी केली होती.

बोस्टनच्या पुढाऱ्यांना ही टाळाटाळ वाटली, आणि काहींच्या मनात ती होतीही. पण कचरणाऱ्यांनी शोधलेल्या पळवाटेनेच एकजुटीचा रस्ता मोकळा केला. घाई झाली असती तर १७७० सारखीच फूट पडली असती, असं मला वाटतं.

उपास आणि कुलूप

व्हर्जिनियाच्या विल्यम्सबर्गमध्ये प्रतिनिधी सभागृहाचं अधिवेशन चालू होतं. पॅट्रिक हेन्री, टॉमस जेफरसन आणि दोन-चार तरुण सभासदांनी जुन्या इंग्लिश कागदपत्रांत शोधाशोध करून उपासाच्या ठरावाचा मसुदा तयार केला. तो मांडायला मुद्दाम रॉबर्ट कार्टर निकोलस या वयाने मोठ्या, देवभोळ्या सभासदाला पुढे केलं. २४ मे रोजी ठराव मंजूर झाला: १ जूनला, बोस्टनचं बंदर बंद होईल त्या दिवशी, साऱ्या व्हर्जिनियाने उपास आणि प्रार्थना करावी. गव्हर्नर डनमोरने दोन दिवसांनी सभागृह बरखास्त केलं. सभासद उठले आणि दुसऱ्या दिवशी रॅले खानावळीच्या अपोलो दालनात ८९ जण पुन्हा जमले. तिथेच त्यांनी सर्व वसाहतींच्या परिषदेची हाक दिली.

१ जूनला वॉशिंग्टनने रोजनिशीत लिहिलं की चर्चला गेलो आणि दिवसभर उपास केला. फिलाडेल्फियात बरीच दुकानं बंद राहिली आणि चर्चच्या घंटा आवाज दाबून वाजवल्या गेल्या. उपासाला खर्च लागत नाही, कायदा मोडत नाही आणि घरातल्या बाईलाही त्यात भाग घेता येतो. शेकडो मैल दूरच्या शहरासाठी घरोघरी एक दिवस चूल थंड ठेवणं ही साधी गोष्ट नव्हती. सभागृहातली कुठलीही भाषणबाजी घरात इतकी आत पोचली नसती.

१७ जूनला सेलममध्ये जे घडलं ते नाटकात शोभेल. गव्हर्नर गेजने मॅसॅच्युसेट्सचं सभागृह बोस्टनमधून तिथे हलवलं होतं. परिषदेसाठी प्रतिनिधी निवडण्याचा ठराव पुढे आला तेव्हा सॅम्युअल अॅडम्सने आतून दार लावून घेतलं. गेजचा सचिव टॉमस फ्लकर बरखास्तीचा हुकूम घेऊन आला, तर दार उघडेना. शेवटी त्याने बाहेर जिन्यावरच तो हुकूम वाचून दाखवला. तेवढ्यात आत फिलाडेल्फियाला जायची माणसं ठरली, त्यांच्या खर्चाचे पैसे ठरले आणि परिषदेची तारीखही ठरली.

शिधा

आता पुन्हा मेंढ्यांकडे येतो. बंदर बंद झालं तसा बोस्टनकडे शिध्याचा ओघ सुरू झाला. शेजारचं मार्बलहेड हे बंदर खरं तर फायद्यात होतं, कारण बोस्टनचा व्यापार आता तिकडे वळणार होता. त्याच मार्बलहेडच्या व्यापाऱ्यांनी आपले धक्के आणि गोदामं बोस्टनच्या व्यापाऱ्यांना वापरायला दिली आणि वर मासळीही पाठवली. दक्षिण कॅरोलायनाहून तांदूळ आला. व्हर्जिनियाच्या परगण्यांनी गहू, पीठ आणि रोख रक्कम जमवली. जहाज थेट बोस्टनला लागू शकत नसल्याने माल आधी मार्बलहेड किंवा सेलमला उतरायचा आणि तिथून गाड्यांत भरून खुष्कीच्या लांबच्या रस्त्याने शहरात यायचा.

ऑगस्टमध्ये कनेक्टिकटच्या ब्रुकलिन गावातून इस्रायल पुटनम हा फ्रेंच युद्धातला जुना लढवय्या १२५ मेंढ्या घेऊन स्वतः आला आणि डॉक्टर जोसेफ वॉरनच्या घरी उतरला. असा पाहुणा पुष्कळ काही घेऊन येतो आणि पुष्कळ काही घेऊन जातो. शहरातले लाल डगलेवाले शिपाई आणि ओस धक्के त्याने डोळ्यांनी पाहिले, आणि गावी जाऊन तो तेच सांगणार होता.

मदत वाटायला बोस्टनने समिती नेमली. फुकट वाटण्यापेक्षा बेकारांना रस्त्यांची फरसबंदी करणं, विटा पाडणं अशी कामं देऊन तिने मोबदल्यात शिधा दिला. आलेल्या प्रत्येक देणगीची पोच दिली जाई, आभाराचं पत्र जाई आणि त्या पत्रात शहराची खबर असे. १७७२ ची ती मळलेली वाट इथे कामी आली. जो गाव मेंढ्या देतो तो पुढच्या बातमीची वाट पाहतो, आणि आपण ज्याला जगवलं त्याला कुणी मारलं तर त्याला ते स्वतःला लागल्यासारखं वाटतं.

फिलाडेल्फिया

५ सप्टेंबरला सुतारांच्या संघाच्या नव्या सभागृहात, कारपेंटर्स हॉलमध्ये, परिषद सुरू झाली. बारा वसाहती आल्या. सरहद्दीवरच्या टोळ्यांशी तणाव असल्याने ब्रिटिश सैन्यावर भिस्त ठेवणारा जॉर्जिया आला नाही. अध्यक्ष झाला व्हर्जिनियाचा पेटन रँडॉल्फ.

पहिला खटका मतांवरून उडाला. मोठ्या वसाहतीला जास्त मतं की सगळ्यांना सारखी? पॅट्रिक हेन्री म्हणाला की व्हर्जिनियन, पेनसिल्व्हेनियन, न्यूयॉर्कर हे भेद आता उरले नाहीत, मी व्हर्जिनियन नाही, अमेरिकन आहे. हे वाक्य फार गाजलं. पण ते बोलताना तो लोकसंख्येप्रमाणे मतं मागत होता, आणि सर्वांत मोठी वसाहत त्याचीच होती. लोकसंख्येचे खात्रीचे आकडे हाताशी नसल्याने अखेर प्रत्येक वसाहतीला एक मत मिळालं.

दुसरा प्रश्न प्रार्थनेचा. पंथ इतके वेगळे की एकत्र प्रार्थना कशी करायची? सॅम्युअल अॅडम्स, ज्याच्या घराण्याला अँग्लिकन चर्चचं वावडं, उठला आणि म्हणाला की मी हेकट नाही, देशावर प्रेम करणाऱ्या कुठल्याही सज्जनाची प्रार्थना मला चालेल. त्याने नाव सुचवलं ते अँग्लिकन धर्मगुरू जेकब डुशे याचं. त्याच दिवशी बोस्टनवर तोफा डागल्याची अफवा येऊन थडकली. ७ सप्टेंबरच्या सकाळी डुशेने त्या दिवसासाठी नेमलेलं पस्तिसावं स्तोत्र वाचलं: माझ्याशी लढणाऱ्यांशी, हे प्रभो, तू लढ. मॅसॅच्युसेट्सचा दुसरा प्रतिनिधी जॉन अॅडम्स याने बायकोला, अॅबिगेलला, लिहिलं की ते स्तोत्र जणू त्या सकाळसाठीच योजलं होतं. अफवा खोटी निघाली. पण त्या भीतीत क्वेकर, प्युरिटन आणि अँग्लिकन एका खोलीत एकत्र बसले होते.

मग सौदेबाजी झाली, आणि ती लपवायचं कारण नाही. पेनसिल्व्हेनियाच्या जोसेफ गॅलोवेने राजाच्या छत्राखाली अमेरिकेची वेगळी पार्लमेंट अशी समेटाची योजना आणली. ती एका मताने बाजूला पडली, सहा विरुद्ध पाच. व्हर्जिनियाला शेतातली तंबाखू विकायला वेळ हवा होता, म्हणून निर्यातबंदी सप्टेंबर १७७५ वर ढकलली. दक्षिण कॅरोलायनाचे बहुतेक प्रतिनिधी तांदळाला सूट मिळाल्याशिवाय सही करेनात, म्हणून तांदळाला सूट दिली. २० ऑक्टोबरला करार झाला: १ डिसेंबरपासून ब्रिटिश मालाची आयात बंद.

त्यातलं अकरावं कलम मला फार महत्त्वाचं वाटतं. प्रत्येक परगण्यात, शहरात आणि गावात मतदारांनी समिती निवडावी. करार मोडणाऱ्याचं नाव वर्तमानपत्रात छापावं आणि त्याच्याशी सर्वांनी व्यवहार तोडावा. १७७० चा धडा असा वापरला गेला. बहिष्काराची राखण व्यापाऱ्यांकडून गावकीकडे आली. उत्तर कॅरोलायनाच्या ईडंटन गावात २५ ऑक्टोबरला ५१ बायकांनी आपापल्या नावाने सही करून आपल्या वसाहतीच्या प्रतिनिधींनी केलेल्या बहिष्काराच्या ठरावांना पाठिंबा दिला. ब्रिटनमधून वसाहतींत १७७४ मध्ये सुमारे २६ लाख पौंडांचा माल आला होता, तो १७७५ मध्ये दोन लाखांच्या आसपास आला.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. या समित्यांनी दुकानांचे हिशेब तपासले, वेगळ्या मताच्या माणसांकडून जाहीर माफीनामे लिहून घेतले, आणि काही ठिकाणी जमावाने त्यांच्या अंगाला डांबर आणि पिसं फासली. करारात १ डिसेंबरनंतर गुलामांची आयात बंद करण्याचं कलम होतं, पण आधीच बेड्यांत असलेल्या लाखो माणसांबद्दल एक अक्षर नव्हतं. आणि स्वातंत्र्य कुणीच मागितलं नव्हतं. २६ ऑक्टोबरला परिषद उठली तेव्हा राजाच्या नावे नम्र अर्ज तयार होता आणि गाऱ्हाणी दूर झाली नाहीत तर १० मे १७७५ ला पुन्हा भेटायचं ठरलं होतं.

ती तारीख यायच्या आधीच, १९ एप्रिलला, लेक्सिंग्टन आणि कॉन्कर्डला गोळ्या झाडल्या गेल्या. बातमी कळताच पुटनम घोड्यावर बसून पुन्हा बोस्टनकडे निघाला. १७ जून १७७५ रोजी, सेलमच्या त्या बंद दाराला बरोबर वर्ष झालं त्या दिवशी, बंकर हिलच्या लढाईत तो सैन्याला हुकूम देत होता. आदल्या ऑगस्टमध्ये ज्याने त्याला घरी उतरवून घेतलं होतं तो डॉक्टर वॉरन त्याच लढाईत मारला गेला. बोस्टनचं बंदर तेव्हाही बंदच होतं.